अध्यक्षांचं तंत्र

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९.१५.
आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. रोज चार पानं लिहिणे. 'धुळीचं शतक' वीस मार्चच्या आत पूर्ण करणे. वीस मार्चला पटकथा स्पर्धेची मुदत संपते. पहिल्या नंबराच्या पटकथेवर सिनेमा निघणार आहे. म्हणजे माझ्या.
आज नऊला उठलो. पण संकल्प उठल्यानंतर केला, त्यामुळे तो उद्यापासून लागू.

३ जानेवारी. पहाटे ५.
उठलो. गजर बंद केला.

३ जानेवारी. सकाळी ९.४०.
बुरुल दवाखान्यात निघाली होती. ती तिथे खिडकीवर बसून केसपेपर काढते. म्हणाली, अहो, तुमच्या गजराने मी उठले, शेजारचे उठले, वरच्या मजल्यावरचं कुत्रं उठलं. तुमचं काय झालं?
मी आडवा पडून विचार करत होतो. लेखकाची बायको होऊन एकतीस वर्षं झाली, तरी झोप आणि चिंतन यातला फरक तिला कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार.
आमचं पटकथा लिहिणाऱ्यांचं मंडळ भरलं. जुन्या स्टुडिओच्या मागे वाचनालयाची खोली आहे, तिथे. हीटर अर्धाच तापतो. आम्ही चौघं. मी अध्यक्ष. निवडणूक झालेली नाही, पण हात असलेली खुर्ची एकच आहे आणि मी लवकर पोचतो.
रिम्मा अर्काद्येव्ना, वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी याच स्टुडिओत पटकथा तपासायच्या. माझी 'मेंढ्यांचे लसीकरण' (माहितीपट, १९९७, अठरा मिनिटं) त्यांच्याच हाताखालून गेली. नुरदौलत, तिशीचा, दह्याच्या जाहिराती लिहितो. आणि असिलकान, पन्नाशीची, नवीन. सत्तावीस वर्षं ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या तारांवर चालणारी विजेची बस, चालवली. आमच्या बिश्केक शहरातून ट्रॉलीबस गेल्या, ही घरी बसली, आता शाळकरी वही घेऊन येते. मला बाइके म्हणते, म्हणजे दादा. नुरदौलतही बाइके म्हणतो, पण त्याच्या तोंडी तो टोमणा वाटतो.
मी नवी कल्पना मांडली. दर बैठकीत एकाने आपलं लिहिण्याचं तंत्र सांगायचं, बाकीच्यांनी घरी करून बघायचं. वडीलकीच्या मानाने पहिली पाळी रिम्मा अर्काद्येव्नांना दिली. म्हणाल्या, माझं तंत्र एका ओळीचं आहे. सीन लिहा आणि त्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य उडवा. माणूस दारातून येतो आणि दारातून जातो, हे बघायला कोणी तिकीट काढत नाही.
बाळबोध आहे. पण करून बघणार.

१० जानेवारी.
सीन लिहिला. दोन वाक्यांचा झाला. तंत्राप्रमाणे पहिलं आणि शेवटचं उडवलं.
या तंत्रात मूलभूत दोष आहे.

२३ जानेवारी, गुरुवार.
नुरदौलतचं तंत्र: एक सीन, एक कार्ड. सगळी कार्डं भिंतीवर. म्हणे गोष्ट एका नजरेत दिसते. मी म्हणालो, 'धुळीचं शतक' एका नजरेत मावणारं नाही. तीन पिढ्या, दोन युद्धं, चारशे घोडे. त्याने विचारलं, बाइके, पानं किती झाली? अकरा वर्षांत सात झाली आहेत, पण आकडा सांगितला नाही. म्हटलं, साहित्य पानांवर मोजत नाहीत. तो म्हणाला, मग घोडे का मोजता?
जाहिरातीवाल्यांना दोन वाक्यांत जग जिंकायची सवय.

२७ जानेवारी.
तीन दिवस कार्डं कापली. हिरवी पहिल्या पिढीची, निळी दुसऱ्या, पिवळी घोड्यांची. एकोणनव्वद कार्डं. लिहिलेली सहा. बाकीच्यांचा रंग तरी ठरला. भिंत इतकी सुंदर दिसते की आज लिहिण्याची गरज वाटली नाही.

२९ जानेवारी.
बुरुलचा भाऊ जुमाश गावाहून, नारीनहून आला. कार्डांच्या खोलीत झोपला. सकाळी बघतो तर भिंत रिकामी, कार्डं टेबलावर गठ्ठ्यात. म्हणाला, भावजी, सगळी गळून पडली होती, मी नीट लावून ठेवली. त्याच्या क्रमाने नायक आधी मरतो, मग लग्न करतो, मग जन्मतो. मी ओरडलो. बुरुल म्हणाली, ओरडू नका, त्याने निदान गोष्ट शेवटापर्यंत नेली.
बहीणभाऊ एक झाले की घरात न्याय उरत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
आज असिलकान. बिचारी घाबरली होती. मी धीर दिला. म्हटलं, जमेल तेवढं सांग, कोणी हसणार नाही. म्हणाली, बाइके, मला तंत्र वगैरे नाही. माझ्या लाईनवर बावीस थांबे होते. मी गोष्टीलाही थांबे घालते. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी चढलं पाहिजे नाहीतर उतरलं पाहिजे. कोणीच नसेल तर गाडी थांबवायची नाही.
मी समजावून सांगितलं की हे तंत्र नाही, ही वाहतूक आहे. रिम्मा अर्काद्येव्नांनी चष्मा काढून मला म्हटलं, तुर्दू, तू गप्प बस. आणि तिला म्हणाल्या, वाच बाई.
तिने चार पानं वाचली. शेवटच्या फेरीची गोष्ट आहे. ट्रॉलीबस डेपोत पोचते, आणि एक म्हातारी उतरायलाच तयार नाही. म्हणते, माझा थांबा अजून आला नाही. ड्रायव्हर बाई मागे येते. दिवा बंद करते आणि तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसते.
हीटरची धूळ फार उडते तिथे, डोळ्यांत जाते. मी म्हटलं, ठीक आहे, पण व्याप नाही. घोडे तर एकही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
आज माझी पाळी. विषय: 'लेखकाची शिस्त, बारा नियम.' तीन तास बोललो. पाचव्या नियमाला नुरदौलतची मीटिंग निघाली. आठव्याला रिम्मा अर्काद्येव्नांचा डोळा लागला. असिलकान शेवटपर्यंत बसली, सगळं उतरवून घेतलं. शेवटी विचारलं, बाइके, हे बारा नियम पाळून लिहायला वेळ कधी मिळतो?
प्रश्नाचा रोख आवडला नाही. पण उत्तर देण्याआधी पहारेकरी किल्ल्या वाजवत आला.

११ मार्च.
नऊ दिवस उरले. मोठी कामं शेवटच्या आठवड्यातच होतात. आज नवं पेन आणलं.

१४ मार्च.
पेन गळतं.

१७ मार्च.
पेन बदलून आणलं. दुकानदाराशी वाद. दिवस गेला. मी गप्प बसणाऱ्यातला नाही.

२० मार्च. दुपारी ४.
पटकथा पाठवली! मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, एकतीस पानं पात्रपरिचय (घोड्यांसह), आणि पटकथा नऊ पानं. खाली टीप लिहिली: 'पुढील भाग परीक्षकांच्या प्रतिभेवर सोपवला आहे.' धाडसी आहे. धाडस केल्याशिवाय इतिहास घडत नाही.
बुरुलने विचारलं, संपलं का मग? मी म्हटलं, एका अर्थी. ती म्हणाली, तर मग अंगणात चला, उद्या नूरूझ आहे, नव्या वर्षाचा सण, रात्रभर शिजणाऱ्या सुमोलोकच्या खिरीची कढई ढवळायला माणूस कमी पडतोय. एवढी वर्षं ढवळायचीच सवय आहे तुम्हाला.
शेजारणी हसल्या. मी ढवळलं. मान ताठ ठेवून.

१७ एप्रिल, गुरुवार.
निकाल.
पहिला क्रमांक असिलकान. नुरदौलत उत्तेजनार्थ. मला पत्र: 'आपली प्रवेशिका अपूर्ण असल्याने विचारात घेता आली नाही.'
अपूर्ण! मंडळात सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, अध्यक्ष म्हणून. असिलकानने घरून बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले होते. माझ्या हातात बशी देताना म्हणाली, बाइके, तुम्ही त्या दिवशी धीर दिला नसता तर मी वाचलंच नसतं.
मला वाईट वाटत होतंच, ते तिच्या वाक्याने आणखी वाढलं. बोर्सोक सहा खाल्ले.

१८ एप्रिल. दुपारी २.
झुकणार नाही. परीक्षकांना तक्रार लिहिली. सातला बसलो, अकराला उठलो. चौदा पानं. चहा गार झाला ते कळलं नाही. सगळं मुद्देसूद मांडलं. मुद्दा ४: 'माझ्या मेहुण्याने नायकाला जन्माआधी मारले, यास मी जबाबदार नाही.' मुद्दा ७: 'गळक्या पेनामुळे झालेले राष्ट्रीय नुकसान.' मुद्दा ९: 'अपूर्ण म्हणजे काय? परीक्षकांपैकी कोण पूर्ण आहे?' बायकोचे टोमणे, वरचं कुत्रं, काही सोडलं नाही. पुरावा म्हणून सगळं लागतं.
पोस्टाने नाही, स्वतः नेऊन दिली. पोच घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार.
पाठिंब्यासाठी तक्रार मंडळात वाचली. दुसऱ्या पानावर नुरदौलत खुर्चीवरून घसरला. सहाव्या पानावर रिम्मा अर्काद्येव्ना रुमाल तोंडात धरून म्हणाल्या, थांब तुर्दू, मला धाप लागेल. मी म्हटलं, ही गंभीर बाब आहे. त्यावर तर हीटरजवळ बसलेला पहारेकरीसुद्धा हसला. असिलकान डोळे पुसत म्हणाली, बाइके, एवढे दिवस हे कुठे ठेवलं होतं?
अन्यायाची चेष्टा करणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष राहायचं की नाही, यावर विचार सुरू.
राजीनामा दिला तर ती खुर्ची नुरदौलत घेईल. नाही देणार.

५ मे.
स्पर्धेच्या कचेरीतून फोन. बाई बोलत होत्या. मी म्हटलं, माफीचं पत्र लेखी हवं. त्या म्हणाल्या, माफी नाही हो, तक्रार सगळ्या कचेरीने वाचली, इतकं आम्ही वर्षभरात हसलो नव्हतो, तिच्यावर छोटा सिनेमा करायचा आहे. परवानगी द्याल का?
फोन ठेवला. माझ्या दुःखाचा तमाशा!

७ मे.
बुरुलने तक्रारीची प्रत वाचली. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. मी दाराआड होतो. ती हसत होती. एकतीस वर्षांत माझं लिहिलेलं वाचून तिने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. आज पोट धरून ओट्याला टेकली. मग कुत्र्याचं पान परत वाचलं.
मी आत गेलो नाही. तिथेच जरा उभा राहिलो.

८ मे.
परवानगी दिली. तत्त्व सोडलेलं नाही. अटी तीन: पटकथा मीच लिहिणार, मेहुण्याची भूमिका देखण्या माणसाला द्यायची नाही, आणि सिनेमा गंभीर असेल. बाई म्हणाल्या, पहिली अट मान्य. पुढच्या सोमवारपर्यंत पंचवीस पानं द्या.
पंचवीस! चौदा तर चार तासांत लिहिली होती. हातचा मळ.

९ मे. पहाटे ५.
उठलो. खरंच उठलो. कोरा कागद. वर लिहिलं: 'दृश्य १.' अक्षर चांगलं आलं.

१० मे.
आधी रचना पक्की हवी. कार्डं कापली. तक्रारदाराची तांबडी.

११ मे.
असिलकान आली. म्हणाली, बाइके, कार्डं राहू द्या, परीक्षकांवर पुन्हा रागवा, मी लिहून घेते. मी रागवायचा प्रयत्न केला. राग येईना. बाई फोनवर इतक्या गोड बोलल्या होत्या. तिला सांगितलं, राग ही प्रतिभा आहे, नळ नाही.

१२ मे, सोमवार. संध्याकाळी ५.
बाईंचा फोन. किती झालं विचारलं. मी म्हटलं, पहिलं दृश्य जवळजवळ. त्यात काय आहे विचारलं. मी म्हटलं, एक माणूस दारातून आत येतो. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, आमच्याकडे सोय आहे.

१५ मे, गुरुवार.
सोय म्हणजे नुरदौलत. बुधवारपर्यंत पंचवीस पानं लिहूनही मोकळा. मंडळात म्हणाला, बाइके, सगळं तुमचंच आहे, मी फक्त दृश्यांच्या पाट्या लावल्या. मी म्हटलं, दह्यावर साय धरायला दूध दुसऱ्याचं लागतं. सगळे हसले. का हसले ते कळलं नाही, पण त्याने ते वाक्य वहीत टिपून घेतलं. चोर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.
सिनेमा दाखवला. नवा शर्ट घालून गेलो. बुरुलने दवाखान्यातल्या सगळ्या बायका आणल्या होत्या. जुमाश नारीनहून आला. मला डावललं तर उभा राहून निषेध करायचा ठरवून बसलो होतो, दोन वाक्यं पाठही केली होती.
लोक हसले. बावीस मिनिटं. माझी भूमिका एका टकल्या नटाने केली आहे. मी इतका टकला नाही.
शेवटी नावं आली. पटकथा: नुरदौलत. सल्लागार: असिलकान आणि रिम्मा अर्काद्येव्ना. मग कितीतरी नावं, दिवेवाले, गाडीवाले, चहावाले. सगळ्यात शेवटी, एकटं, मधोमध:
'मूळ तक्रार: तुर्दुबेक.'
बुरुलने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, पण जोरात.
मी उठून उभा राहिलो. निषेध करायचा होता की अभिवादन, ते आठवेना.
मागचा माणूस म्हणाला, आजोबा, बसा खाली. नाव दिसत नाही.