नारळाच्या पाण्याला वॉरंटी नाही

लोणावळा,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

सा. न. वि. वि. या खेपेला त्यातली विनंती जरा मोठी आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही. समर्थला मध्ये घेतलं तर माझं बोलणं तो स्वतःच्या सोयीचं करून तुझ्या कानात ओरडतो. आतेभाऊ असला म्हणून काय झालं! तेव्हा पत्रच बरं. दसऱ्याला तू पोळ्या खाऊ घातल्यास आणि येताना इंद्रायणी तांदळाची पिशवीही बांधून दिलीस, त्यामुळे आल्यापासून मी बाजारात फिरकलेले नाही. इथे सुट्टीची गर्दी आहे. दारात रोज एक तरी गाडी थांबते आणि चिक्कीचं दुकान विचारते.

आता मुद्द्याचं. माझी छऱ्याची बंदूक मी तुझ्याकडे ठेवली होती, कारण सुट्टीत शाळेच्या कपाटाचा मला भरवसा वाटत नाही. परत आणली तर तिच्यावरची दुर्बीण बिघडलेली. दुर्बिणीच्या डोक्यावर एक गोल कळ असते, ती फिरवून जवळच्या-लांबच्या निशाणासाठी नेम खाली-वर करायचा असतो. ती कळ जागची हलत नाही, आणि वाऱ्यासाठी बाजूला दुसरी असते तीही नाही. आणि काचेत डोळा लावला की कडेला लालसर ढग दिसतो.

शाळेत नेमबाजी शिकवायची जागा निघाली आहे हे तुला माहीत आहेच. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितलंय की नोव्हेंबरच्या स्पर्धेत पात्रतेपुरते गुण आणले तर जागा माझी, नाहीतर बाहेरून माणूस आणणार. इतकी वर्षं मी कवायत आणि लेझीम शिकवतेय, आत्या. ही जागा मला फार हवी आहे.

तशी काळजी नाही. चांगल्या दुर्बिणीच्या चौथाई किमतीत ही घेतली तेव्हा क्लबातले सगळे हसले होते, पण मी वॉरंटीचं पान वाचून घेतली होती. आयुष्यभराची आहे. फक्त तेवढं कळव, घरात कोणी तिला हात लावला होता का?

लोभ आहे म्हणूनच विचारते, तो तसाच राहू दे.

तुझी,
सविता


मु. पो. बेडसे,
९ ऑक्टोबर

चि. सवितास आत्याचा आशीर्वाद. राग आला तरी आधी आशीर्वाद द्यावा लागतो, तशी रीत हाय.

हात लावला का म्हंजी काय? खंडेनवमीला घरात हत्यार आलं अन् मी त्याला हात न लावता बसंन व्हय? विळा, कोयता, पाभर, समर्थचा ट्रॅक्टर, माजी शिलाई मशीन, मिक्सर, समद्यांची पूजा झाली. मिक्सरला हळदकुंकू अन् खऱ्याखुऱ्या बंदुकीला न्हाई, असं कुटं असतंय? वहिनी गेली तवापासनं दर नवमीला तुजं दप्तर पुजलं, मंग तुजी सायकल पुजली. तवा कदी इचारलं न्हाईस कुनी हात लावला म्हनून.

अन् मी काय अडानी न्हाई. आधी समर्थला खोक्यावरचं वाचाय लावलं. त्यानं सांगितलं की पान्यानं, चिखलानं, धक्क्यानं हिला काय बी होत न्हाई. म्हनून नारळ फोडल्यावर पयलं पानी तिच्यावर घातलं, ट्रॅक्टरचा नंबर मागनं लागला. वर दोन टोपनं व्हती. टोपनाला हळदकुंकू लावून काय उपेग, म्हनून उघडून आतल्या कळीला लावलं. मंग कुंकू सांडू नये म्हनून टोपनं घट्ट बसवली. एवढं कुनी करत न्हाई.

तब्येत बरी हाय. भात कापनीला आलाय, एक दिस येऊन जा. माया हाय तशीच हाय, उगा तपासू नको.

तुजी आत्या,
रतनबाई


लोणावळा,
१७ ऑक्टोबर

ती. आत्या,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी चहा केला.

काल पुण्याला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जाऊन आले. सुहास नावाचा गृहस्थ आहे, बोलायला अगदी गोड. त्याने टोपण उघडलं, आतलं लाल चिकट लिंपण नखाने खरवडून पाहिलं. मग समजावून सांगितलं की दुर्बीण पाण्यापासून सुरक्षित आहे म्हणजे साध्या पाण्यापासून. नारळाचं पाणी हे कंपनीच्या मते खाद्यपदार्थात मोडतं. आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हेही मी विचारलं. मी आपली माझं आयुष्य धरून चालले होते. तर ते दुर्बिणीचं आयुष्य असतं, आणि दुर्बीण गेली की तेही संपतं. इतकं स्वच्छ उत्तर मला शाळेतसुद्धा कोणी दिलेलं नाही.

पण माणूस भला आहे. जाताना हळूच म्हणाला की वापरताना धूळ गेली असं लिहा, आणि जिच्या घरी वस्तू होती तिची सही आणा की कोणताही द्रव पदार्थ ओतला नाही. आठवड्यात नवी मिळेल. कागद सोबत जोडला आहे. खाली फुली केली आहे तिथे सही कर आणि समर्थबरोबर पाठव. स्पर्धेला महिना राहिलाय आणि माझा सराव बंद आहे.

दिवाळीच्या करंज्या पाठवल्यास तर त्यांची मात्र पूजा करू नकोस. लोभ वाढवलास तर हरकत नाही.

तुझी,
सविता


बेडसे,
२३ ऑक्टोबर

चि. सवितास आशीर्वाद. करंज्या समर्थबरोबर धाडल्यात. कागद न्हाई धाडला.

देवाम्होरं नारळ फोडला अन् आता कागदावर लिहून देऊ का फोडलाच न्हाई म्हनून? तू म्हनशील एका सहीनं काय व्हतंय. तुज्यासाठी मी पोलिसात बी जाईन, पन हे न्हाई व्हायचं.

पन मी गप बसनारी न्हाई. मीच कंपनीला खरं काय ते लिवलं. तुमी पान्याला भीत न्हाई म्हनता अन् नारळाला भिता, मंग तसं खोक्यावर का छापत न्हाई, असं इचारलं. तुमच्या हापिसात बी दसऱ्याला कम्प्युटरला हार घालत असाल, त्यो बंद पडला तर काय लिवता, हे बी इचारलं. आमची पोर आईविना वाढलेली हाय, तिची नोकरी अडलीय, तवा शहान्यासारकं करा, असा शेवट केला. समर्थनं फोनवर पूजेचा फोटो काढलाता, त्यो बी त्याच्याबरोबर मेलनं धाडला. फोटो लय झ्याक आलाय. बंदुकीवर झेंडूचा हार हाय.

खरं बोलल्यावर मानूस ऐकतंय, बग तू. लोभ करायला सही लागत न्हाई.

आत्या


लोणावळा,
१ नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार.

कंपनीची दोन उत्तरं एकाच दिवशी आली. पहिलं वॉरंटी विभागाचं. आपण दिलेल्या प्रामाणिक माहितीबद्दल आभार, आणि त्याच माहितीच्या आधारे आपला अर्ज कायमचा नामंजूर. दुसरं जाहिरात विभागाचं. फोटो त्यांना अतिशय आवडला आहे. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर तो छापायचा आहे आणि खाली 'परंपरा आणि अचूकता' असं लिहायचं आहे. त्याला तुझी परवानगी हवी आहे.

बाहेरून येणाऱ्या माणसाचं नावही शाळेत ऐकू येऊ लागलंय. तुझं खरं तुझ्यापाशी राहिलं आणि माझी जागा चालली. एक सही मागितली होती, आत्या. यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नकोस, पूजेलासुद्धा नको.

सविता


बेडसे,
७ नोव्हेंबर

चि. सविताताईंस आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. तुमी आता मोठ्या झालात, तुमचं तुमाला कळतं. यापुढं हात लावनार न्हाई.

जाहिरातवाल्या बाईला मी जबाब दिला. फोटो छापा, पन खाली हे बी छापा की या पूजेनंतर दुर्बीण बंद पडली अन् कंपनीनं हात वर केले. ते छापायचं नसंल तर नवी दुर्बीण आधी धाडा, मंग नुसता फोटो छापा. बांगडीवालीशी मी जास्त घासाघीस करते, ही बाई लगीच कबूल झाली. काल कामशेतला पार्सल आलं.

खोकं समर्थनं उतरवलं, समर्थनंच पिशवीत घातलं, त्योच घिऊन येतोय. मी लांबनं बघितलं. शील तसंच हाय, बघून घ्यावं. तुमाला जागा मिळो.

रतनबाई


लोणावळा,
२४ नोव्हेंबर

ती. आत्या,

सा. न. वि. वि. आणि पायावर डोकं. तू पाय मागे घेतलेस तरी ते तिथेच ठेवणार आहे.

'सविताताई' वाचलं आणि पुढचं वाचवेना. मला तू आजवर गाढव म्हणालीस, घोडी म्हणालीस, 'तुमी' कधी म्हणाली नव्हतीस. त्या दिवशी जेवण गेलं नाही. करंज्या होत्या म्हणून उपाशी राहिले नाही इतकंच.

आता क्रमाने सांगते. नवी दुर्बीण बसवली. झगझगीत काच, कळ लोण्यासारखी फिरणारी. कोणी तिला कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नेम उजवीकडे सरकायला लागला, चौथ्या दिवशी आतून खुळखुळ आवाज यायला लागला. सुहासकडे नेली. तो म्हणाला की स्प्रिंगची छऱ्याची बंदूक आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे, आणि या किमतीच्या दुर्बिणी त्याने हमखास खिळखिळ्या होतात. जुनीचंही दिवाळीपर्यंत तेच झालं असतं. मग यावर तरी वॉरंटी द्या म्हटलं. त्याने भिंग लावून आत कुंकू शोधलं. ते सापडेना, तेव्हा त्याने लिहून दिलं की बिघाडाचं कारण समजत नाही आणि न समजलेल्या कारणाला वॉरंटी लागू नाही.

मग हताश होऊन जुनीच परत चढवली आणि छरे झाडले. एकाच भोकात एक. पुन्हा झाडले, तेच. तुझं कुंकू आणि नारळाचं पाणी आत वाळून असं घट्ट बसलंय की कळ माझ्या बोटांनी फिरत नाही आणि धक्क्यानेही सरकत नाही. लाल ढग कडेला असतो, त्याची सवय होते. स्पर्धेत जवळच्या-लांबच्या लोखंडी पाट्या छऱ्याने पाडायच्या असतात, त्यांच्यासाठी कळ फिरवता येईना, म्हणून काचेतल्या फुलीखालच्या बारीक खुणांवरून अंदाज घ्यायला शिकले. रोज शाळा सुटल्यावर, अंधार पडेपर्यंत.

काल स्पर्धा झाली. माझ्यासारख्याच स्वस्त दुर्बिणी बऱ्याच जणांच्या होत्या. डोंगरावरून वारा सुटला तसे सगळे बाजूची कळ फिरवायला लागले आणि फिरवता फिरवता आपला मूळ नेम हरवून बसले. मला फिरवायला काही नव्हतंच. शेवटची पाटी पडली तेव्हा मला रडू आलं. परीक्षकांना वाटलं, पडली नाही की काय.

गुण मिळाले. आज बाईंनी बोलावून सांगितलं, जागा माझी.

आत्या, दुर्बीण स्वस्त होती म्हणून बिघडणारच होती, आणि ती घेतली होती मी. राग तुझ्यावर काढला. आता मला एक सणसणीत शिवी देऊन पत्र लिही. तुझा लोभ परत आल्याशिवाय मी सोमवारी कामावर रुजू होणार नाही.

तुझी,
सविता


बेडसे,
२८ नोव्हेंबर

सविते, गाढवे,

आशीर्वाद.

सोमवारी वेळेवर जा, उगा नाटकं करू नको. तुजं पत्र समर्थनं दोनदा मोठ्यांदा वाचलं, तरी मी ऐकू न आल्यासारकं करून तिसऱ्यांदा वाचाय लावलं. आळीत पेढे वाटले.

कंपनीचं कॅलेंडर आलं. फोटोत बंदूक हाय, हार हाय, ताट हाय अन् माजे कोपरापर्यंत हात हायेत. तोंड कापलंय. आता हे हात कुनाचे ते गावात घरोघर जाऊन सांगावं लागतंय.

तू लिवलंस तवा मला बी लागलं. दोन दिस मी भांडी आपटली, समर्थला वाटलं त्याचंच काय चुकलं. तुज्या वस्तूला हात लावू नको म्हनलीस, अन् मला कळंना की मंग माजं ऱ्हातंय काय. पन ते आता जाऊ दे.

एक सांगते. त्या कंपनीनं तुला आयुष्यभराचं छापून दिलं अन् येळ आल्यावर कारन इचारत बसली. वहिनी गेली अन् तुला मी हितं आनली, तवा माज्याकडनं कुनी काय लिहून घेतलं न्हवतं. तवा रुजू झाल्यावर सुट्टी काढ अन् ये. भांडून ये न्हाईतर रडत ये. हितं कारन सांगावं लागत न्हाई.

तुजी,
आत्या