दाराची जागा

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. इकडे सगळे ठीक आहेत. हे वाक्य सवयीने आलं; तूर्त राहू दे तसंच.

मला नोकरी लागली. घरोघर जाऊन विचारायचं, तुमचा आवडता व्हिडिओ गेम कोणता आणि त्यात वेळ किती जातो? आई म्हणाली, "घराण्यातली पहिली पदवीधर, आणि लोकांचे खेळ मोजत हिंडतेय!" पण मला यात फार रस वाटतो रे. माणूस इतका वेळ जिथे देतो, तिथे काहीतरी असणारच ना? स्वतःबद्दल विचारलं की जो तो म्हणतो, "असंच, चहा होईपर्यंत." आणि आतून बायको ओरडते, "तेवढ्यात चहाचा मळा लावून होतो!"

म्हणून मी आता एकाबद्दल दुसऱ्याला विचारते. घरीही तेच केलं. आईला विचारलं, बाबांचं काय?

हो, बाबा खेळतात. तुझ्याच जुन्या कॉम्प्युटरवर, ठोकळ्यांनी घरं बांधायचा तुझाच खेळ. "खोट्या विटांनी घर उभं राहत नाही," असं ज्याच्यावरून ते तुला बोलले आणि तू बॅग उचललीस, तोच.

जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस हा खेळ कसा खेळतो, बघायला हवं. एक थर रचतात आणि थांबतात.

"बाबा, पुढचा थर लावा की."

"भिंत ओली आहे. घाई केली तर बसेल."

"अहो, यात सिमेंट नसतं!"

"तुला दिसत नाही म्हणून नसतं होय?"

मग खुर्चीत बसून भिंत वाळायची वाट पाहतात. आता सांग, हा वेळ खेळात धरायचा की नाही? 

तू अर्धवट सोडलेलं घर त्यांनी पुढे घेतलंय. "सांध्यावर सांधा आणलाय, भिंत तडकेल; कुणी शिकवलं याला?" असं रोज पुटपुटतात, पण तू रचलेला एकही ठोकळा काढत नाहीत.

तू विचारशील, भरदुपारी बाबा घरी कसे? दादा, ते कामावर परांचीवरून पडले. हाड जुळलं, पण उजव्या हातात थापी राहत नाही. माऊस डाव्या हाताने धरतात. "त्याला कळवू नकोस," म्हणाले, "हातासाठी धावत येईल. यायचं तर घरासाठी यावं." मी इतके दिवस ऐकलं. आता ऐकवत नाही.

तीन भिंती झाल्यात. चौथी अडलीय. मी म्हटलं, "दाराची जागा सोडा आणि चढवा."

"दार कुठे, ते राहणाऱ्याला विचारून ठरवायचं असतं. मनानं ठेवलं तर ते गवंड्याचं घर होतं."

"मग विचारा की त्याला."

त्यांनी माऊस बाजूला सारला. म्हणाले, "भिंत वाळू दे."

दादा, भिंत केव्हाच वाळलीय. दार कुठे हवं, ते त्यांच्या शेजारी बसून बोटाने दाखव. हातासाठी येऊ नकोस. तो मी आणि आई सांभाळतो.

दुसरी खुर्ची पुसून ठेवणारी,
तुझी धाकटी