रडतं बाळ खाली ठेवायचं नाही

अरे शहाण्या,

"सोफ्यावरून पडलं" हे डॉक्टरांना अजून किती वेळा सांगणार आहेस? ते बाळ अजून कुशीवरसुद्धा वळत नाही, मग पडायला सोफ्याच्या कडेपर्यंत काय चालत गेलं? डोक्याला साधं टेंगूळ नाही, पण दूध ओढत नाही, डोळे उघडत नाही, आणि दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे ठसे. लंगोट बदलताना मी पाहिलेत. आई आणि तुझी बायको बाहेर गेल्या होत्या. घरात तू एकटाच होतास.

परवाच फोनवर म्हणालास, "ताई, याचं रडणं थांबतच नाही, डोकं फिरतं माझं." मी काय सांगितलं होतं? पाळण्यात ठेव, दार ओढून घे, बाहेर बसून चहा पी. रडून कुठलंही बाळ मरत नाही. तर म्हणे, "आई ओरडेल." आपल्या घरात रडतं बाळ खाली ठेवायचं नाही ना! नाहीच ठेवलंस. हातात धरूनच गदागदा हलवलंस. केवढा हा आज्ञाधारकपणा!

आता आई म्हणते, घरातलं घरात राहू दे. तिकडे डॉक्टर अंदाजाने कारण शोधताहेत आणि तुम्हाला अब्रूची पडलीय.

हे पत्र तुला द्यायला मी थांबत नाही. तू आधी रडशील, मग आईला विचारशील, मग "उद्या बघू" म्हणशील. डॉक्टर आत्ता वॉर्डात आहेत. मी उठून त्यांना सगळं सांगतेय. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी. त्याला मात्र बोलता यायला हवं.

अजून तरी तुझीच,
ताई