महेशच्या हातची तार

गुरुवार, संध्याकाळ. अल वक्रा, कतार.

माझा रूममेट महेश हार्ट अटॅकने गेल्यापासून त्याच्या कपाटाला मी हात लावला नव्हता. आज आवरलं. शर्टांखाली त्याचा व्हेप, ती वाफेची ई-सिगारेट, निघाला. त्यातला अ‍ॅटोमायझर, म्हणजे वाफ करणारा भाग, महेश स्वतः जुळवायचा: दोन खांबांमध्ये तारेचं वेटोळं, त्यातून ओवलेला कापूस. दर शुक्रवारी नवी तार वळून माझ्या नाकासमोर धरायचा. "यल्ला, चल इन्स्पेक्टर, सांग काय चुकलंय?" मी कधी नुसतं छान म्हणालो नाही. तार तिरकी आहे, हेच.

आज म्हटलं, एकदा मनापासून तपासू. पोर्टवर तपासनिसाच्या नोकरीत अंगवळणी पडलंय, पुसल्याशिवाय काही तपासायचं नाही. कापूस ओढून काढला, तार पक्कडीने उपटली, दोन्ही कचऱ्यात टाकून बाकीचं गरम पाण्यात धुतलं. मग भिंग. आटे स्वच्छ, स्क्रू नीट बसतात, रबरी रिंग शाबूत. बांधणी खरंच सुंदर. त्याला हे एकदा तरी सांगायला काय झालं होतं मला?

तेवढ्यात नाशिकहून वैशालीवहिनींचा फोन. "भावजी, कपडे नकोत. ह्यांच्या हातचं काही असेल तर तेवढं पाठवा."

हातचं? ज्याचं मी कौतुक करत बसलो होतो ते सगळं कारखान्यातलं. त्याच्या हातची फक्त ती तार.

कचऱ्याचा डबा उपसला. कापसाला अजून वेलचीचा वास होता. तार सापडली, पण वेढे सुटलेले, नुसता ताणलेला तुकडा. या खेपेला त्याला सरळ जमली होती का? उपटण्याआधी मी पाहिलंच नव्हतं.