नापास दाणे

११ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

मक्याच्या पाकिटात पत्र सापडलं म्हणून दचकू नकोस. पाकीट तूच उघडलंस ना? मग आधी दार लाव आणि बैस.

इकडे सगळं बरं आहे. हे मजेत आहेत. प्रयोगशाळेचे प्रमुख झाल्यापासून जरा पोट सुटलंय, पण ते आपण बोलायचं नाही. माझी तब्येत चांगली. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी अजून चहात साखर घालून वर "मी गोड सोडलंय" म्हणतात का? पुष्कळ दिवसांत फोन केला नाही, रागावली असशील. फोनचं सांगते, पण आधी कामाचं.

तुम्ही तिकडे तपासणीच्या प्रयोगशाळेत दाणे दळता, आम्लात उकळता, मग कुठे आकडा निघतो. आमच्या यंत्राचं काम आरामाचं. वाटीभर अख्खे दाणे ठेवायचे, डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यांच्यावर पडून परततो, आणि पडद्यावर ओलावा, तेल, प्रथिनं सगळं हजर. लायसिनसुद्धा, ज्याच्यावर लहान पोरांची वाढ होते. दाण्याला धक्का नाही, तोच नंतर पेरता येतो. फक्त यंत्राला आधी शिकवावं लागतं. तुमच्याकडून आकडे कळलेले दाणे दाखवून ह्यांनी ते शिकवलं, आणि त्यावरच ह्यांचं नाव झालं.

ते चुकीचं शिकलंय, ताई.

शिकवायला घेतलेल्या दाण्यांत लायसिन जास्त असलेले सगळेच मऊ होते, खडूसारखे. यंत्र लायसिन ओळखायचं सोडून मऊपणाच ओळखायला लागलं. खाली दिवा असलेल्या काचेवर दाणे निवडताना माझ्या ते लक्षात आलं. टणक दाण्यातून उजेड आरपार येतो, मऊ दाणा काळा दिसतो. यंत्राने वर काढलेले झाडून सगळे काळे, नापास केलेले झाडून सगळे उजळ. एकही अपवाद नाही. पिकात असं कधी होतं का गं? नव्या संकरातले टणक दाणे चांगले असले तरी कोंबड्यांपुढे पडताहेत, आणि बियाण्याला निवडले जाताहेत ते मऊ, ज्यांना कोठीत सगळ्यांच्या आधी कीड लागते.

मी ह्यांना सांगितलं. जेवताना, बेताबेताने. हे हसले. म्हणाले, "यंत्र थकत नाही, तू थकतेस. तुला विश्रांती हवी."

मग विश्रांती सुरू झाली. आधी फोन गेला, त्याने माझं डोकं दुखतं म्हणून. मग प्रयोगशाळेच्या दाराचं कार्ड गेलं, मी वस्तू हरवते म्हणून. मी आजवर साधी छत्री हरवलेली नाही, तुला ठाऊक आहे. आता सकाळी दार उघडून हेच मला आत सोडतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. यंत्राच्या खोलीला खिडकी नाही, बाहेरच्या दमट हवेने आकडे हलतात म्हणून. घर वरच्याच मजल्यावर. वरच्या दारालाही बाहेरून कुलूप असतं. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण "सगळं बरं आहे" लिहायची हाताला सवय लागलीय.

कचेरीतल्या हिशेबनीसबाई म्हणतात, "नशीबवान आहेस बाई, नवरा तळहाताच्या फोडासारखं जपतो." आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? हे मारत नाहीत ताई, कधीच नाही. आवाजसुद्धा चढवत नाहीत. त्यामुळे सांगायला गेलं की माझं मलाच खोटं वाटायला लागतं. कधीकधी वाटतं, खरंच मी थकले असेन, खरंच मी वस्तू हरवत असेन. या वाटण्याची मला सगळ्यात भीती वाटते.

तुमच्याकडे तपासणीला येणारं पाकीट हे स्वतः भरतात, यंत्राने वर काढलेल्या दाण्यांनी. तोंड शिवायचं काम माझं. आज शिवायच्या आधी मी दाणे बदलले. तुझ्या हातात आहेत ते नापास झालेले; यंत्राने त्यांना दिलेले आकडे पत्राच्या मागे लिहिलेत. टपालात मात्र पाकीट हे स्वतः टाकणार. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्या हातून माझं एक काम होईल म्हणायचं.

दाणे दळ. आकडा ह्यांना कळवू नकोस, सरळ वर, आमच्या संस्थेच्या संचालकांना कळव. लिही, की यंत्राच्या आणि तुमच्या आकड्यांचा मेळ बसत नाही, यंत्र चालवणाऱ्या बाईंना उरलेले दाणे घेऊन तुमच्याकडे पाठवा. माझं नाव स्वच्छ लिही, नाहीतर हे दुसऱ्या कुणाला धाडतील. वरून आलेल्या कागदाला हे कधी नाही म्हणत नाहीत, तेवढा एकच धाक आहे ह्यांना. संस्थेची गाडी तुमच्या फाटकाशी येईल. मी उतरेन, आणि परत चढणार नाही. तुझ्या घरात माझी अडचण होईल, पण एक कोपरा पुरे.

आणि ऐक. दाणे खरोखरच वाईट निघाले, यंत्र बरोबर आणि मीच चुकलेली ठरले, तरी काहीतरी कारण काढ आणि मला बोलाव. तेव्हा तर नक्कीच बोलाव.

लहानपणी जिला "गप बस" म्हणता म्हणता तुझा घसा बसायचा, आणि जी आता गप्पच असते, ती

तुझी कटकट