शेठचं थोबाड आणि माझी तिजोरी

२२ सप्टेंबर, सोमवार
शेठनी आज स्टेपलर फेकून मारला. कानाला चाटून गेला. कारण काय, तर बिलावर पार्टीचं नाव चुकलं. सगळी मिल बघत होती. मी स्टेपलर उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला. पण असा काही ठेवला, की समजायचं ते शेठ समजले असतील.
संकल्प: दिवाळीच्या आत शेठचं थोबाड फोडणार. सगळ्यांसमोर. नोकरी गेली खड्ड्यात.

२४ सप्टेंबर, बुधवार
तालीम सुरू. बायको, नीला, भजनाला गेली की लोडाला शेठ घालतात तसा माझा पांढरा सफारी चढवतो आणि हाणतो. कानफटात, पोटात, मग लाथा. मोबाईलवर शूटिंग करतो, हात कुठे कमी पडतो ते कळतं. व्हिडिओ ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवतो. मोबाईल नीला बघते.
धोका शून्य. 'तिजोरी' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंय, फोल्डरला कुलूप लागतं. पासवर्ड 'शेठला तुडवीन', इंग्रजी अक्षरांत, पुढे आकडा आणि चिन्ह. ब्रह्मदेवाच्या बापाला उघडायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
आज लोडाचा गळा आवळला. कापूस बाहेर. तेवढ्यात बेल वाजली, तालीम अर्धवट. नीलाने कापसाचं विचारलं, उंदीर म्हणालो. संध्याकाळी तिने उंदराचं औषध आणलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
आज मारणारच होतो. पण शेठची शुगर वाढलीय म्हणे. आजारी माणसावर हात टाकणं आमच्यात बसत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
डिस्पॅचमधली श्वेता म्हणाली, सुरेशभाऊ, तुमच्या त्या तिजोरीत गडबड आहे. नव्या अपडेटनंतर लॅपटॉप चालू केला की पासवर्ड आपणहून स्क्रीनवर येतो. तिच्या भावाचा आला म्हणे. मी हसलो. भावाचा पासवर्ड साधा असेल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
माझाही आला. हे मोठ्ठं अक्षर. झाकण आपटून बंद केलं, बोट चेमटलं. सॉफ्टवेअर बनवणारा सापडला तर त्याला रंगाच्या टाकीत बुडवून काढीन.
व्हिडिओ उडवायला हवेत. पण एवढी मेहनत. रविवारी घरी शांतपणे एकेक बघून उडवतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार
शेठनी सगळे लॅपटॉप ठेवून घेतले. सोमवारी पूजन. पूर्वी सुरतेतले हे गुजराती शेठ दिवाळीत हिशेबाच्या वह्या पूजायचे, आता लॅपटॉप पूजतात. तेही चालू करून, उघडे.
काळजी नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचून उडवतो. भेस्तानचं घर ते पलसाण्याची मिल, लांब किती.

२० ऑक्टोबर, सोमवार
पहाटे नीलाने तेल-उटणं लावून अंघोळ घातली. वर चकल्या, करंज्या, दोनदा चहा. पाठ टेकली ती टेकलीच.
पोचलो तर पूजेचे महाराज माझ्याच लॅपटॉपवर कुंकवाचा साथियो, म्हणजे आपलं स्वस्तिक, काढत होते. त्यांनी स्क्रीनवरचं मोठ्याने वाचलं. मंत्र वाटला असावा. शेठचा जन्म मराठी कारागिरांत गेलाय, त्यांना बरोबर कळलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने पासवर्ड टाकला. पहिला नेम लागला तो पाच तारखेच्या व्हिडिओवर.
सगळ्या मिलने पाहिला. गळा आवळला, लाथ घातली, शेठच्या आईचा उद्धार केला. मग बेल वाजली. बेल वाजल्यावर मी काय केलं, ते मला खरंच आठवत नव्हतं. मी लोडाला उठवून बसवला, सफारीची कॉलर नीट केली आणि म्हणालो, सॉरी शेठ.
मारताना कोणी हसलं नव्हतं. इथे महाराजसुद्धा हसले.
शेठ हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, माझ्यासमोर येऊन गाल पुढे केला. म्हणाले, सुरेशभाई, मुहूर्त चांगला आहे, घ्या उरकून.
मी वाकून पाया पडलो. दिवाळी होती, पडावंच लागतं. त्यांनी काजूकतलीचा डबा दिला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
शेठ घाबरले. त्याशिवाय काजूकतली कोण देतं? आता पुन्हा कधी हात उचलायचे नाहीत.

२७ ऑक्टोबर, सोमवार
मिल उघडली. शेठनी स्टेपलर फेकला. कपाळावर लागला.
मी उचलला. आतल्या पिना संपल्या होत्या. भरून टेबलावर ठेवला.