चौथी चौकट

३ फेब्रुवारी, मंगळवार

छापखान्यात मालकांनी आज बॉम्बच टाकला. पक्ष्यांच्या टपाल तिकिटांचा अल्बम पुन्हा छापायचा! तब्बल एकोणीस वर्षांनी. ‘जुन्या फायली काढा, जसंच्या तसं जाऊ द्या. आपल्या पानांना नाव आहे,’ म्हणाले.

आहेच नाव. मी लावलेली पानं आहेत ती! दुधी रंगाचा जाड कागद, पाठचं पुढे दिसत नाही. केसाएवढी रेघ, एका कोपऱ्यात तुटलेली दाखवा. तिकिटाच्या चारी बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळे, म्हणजे तिकीट चौकटीत ऐसपैस बसतं. हल्लीची पानं हातात घेववत नाहीत, शाई बोटांना लागते.

हो हो म्हणून मान डोलावली, पण मनात एकच आलं. सत्तेचाळीसावं पान!

५ फेब्रुवारी, गुरुवार

फाइल उघडली. पान ४७. खंड्या, सुतार, घुबड — आणि टिटवी.

टिटवीचं तिकीट कधी निघालंच नाही. मालिका तिघांचीच होती. वर दोन चौकटी, खाली एक — पान लंगडं दिसत होतं. तोल कसा दिसतो बघावं म्हणून मी खाली उजवीकडे चौथी टाकली. नुसती रिकामी बरी दिसेना, तर तिच्याखाली गमतीने लिहिलं, ‘टिटवी, जांभळी’. काढायची राहिली. तशीच छापून गेली. चारशे अल्बम!

कागद भिकार असता, रेघा वाकड्या असत्या, तर लोक म्हणाले असते, छापणाराच गाढव आहे. पण पान असं देखणं झालं की कुणाला शंका आली नाही. बाकीच्यांनी वर्ष-दोन वर्षं शोधून नाद सोडला. भावोजींनी नाही सोडला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज भावोजींकडे गेलो. सांगायचंच, शेंडी तुटो की पारंबी, असं ठरवून गेलो.

टेबलावर अल्बम उघडाच. हल्ली नेहमी उघडा असतो. ताई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून घरात त्यांच्या सोबतीला भाची आणि हा अल्बम. भाची दिवसभर शाळेत शिकवायला जाते, म्हणजे अल्बमच.

‘या मेहुणे! भिंग तिकडे आहे, हात धुऊन बस.’ नेहमीसारखंच. मग टिटवीवर आले. तिकिटांच्या अधिकृत यादीत टिटवी नाही हे त्यांना मान्य आहे. पण त्यांचं म्हणणं, काही तिकिटं छापून मागे घेतात, एखाद्या पोस्टातून चार-दोन निसटतात. ‘आणि पान लावलंस तू, प्रूफ वाचलं तुझ्या ताईने. चूक येणार कुठून?’

पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, ही माहिती कुठे मिळाली? ‘टपाल खात्याच्या एका पत्रकात वाचली,’ म्हणालो. धडधडीत खोटं. चौकट राहिली ती चूक होती. हे पत्रक मात्र चूक नव्हती, हा माझा भ्याडपणा होता.

आज ततपप झालं. चहा प्यायलो, हवापाण्यावर बोललो, परत आलो. लाज वाटते.

९ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांना सांगून टाकलं. ‘चौथी चौकट काढतोय. ते तिकीटच नाही.’

चष्म्यावरून बघत राहिले. ‘मग एकोणीस वर्षं काय झोपला होतात?’

‘हो,’ म्हणालो.

‘काढा. बोभाटा नको.’ आणि फोन घेतला त्यांनी! संपलं! या एका मिनिटाला मी एकोणीस वर्षं घाबरलो होतो. नोकरी नवी होती, इथेच प्रूफं वाचणाऱ्या ताईने शब्द टाकून लावून दिलेली. जाईल म्हणून पाचावर धारण बसली होती. पुढे नोकरी जुनी झाली, भीती मात्र तशीच राहिली. काय म्हणावं या माणसाला?

तीन चौकटींचं पान नव्याने लावलं. खालची एक मधोमध घेतली. छान दिसतं. तेव्हाच सुचलं असतं तर!

१५ फेब्रुवारी, रविवार

नव्या पानाचं प्रूफ पिशवीत घेऊन गेलो. बोलणं जमलं नाही तर पान पुढे करायचं, असा बेत.

दार भावोजींनीच उघडलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. ‘तू आधी खाली बस. बोलू नकोस. सापडली!’

चौथ्या चौकटीत टिटवी. जांभळी.

भिंग घेऊन पाहिली. कडेचे दाते नीट, रंग सुरेख, कागद जुना मिळवलेला. कुणीतरी फार मेहनत घेतली होती — माझ्या गमतीवरून! चारी बाजूंना बरोबर दोन-दोन मिलिमीटर. माझ्याच पानावरून माप घेतलं असणार.

भावोजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘तुझी ताई असायला हवी होती रे. किती पत्रं लिहिली तिने दुकानदारांना! टिटवी, जांभळी, आढळल्यास कळवावे. एवढ्या सुंदर अक्षरात.’

मी ‘वा’ म्हणालो. एवढंच म्हणालो. पिशवीतलं पान पिशवीतच राहिलं. आता सांगितलं नाही तरी चालेल असा विचारही येता येता मनात डोकावला, खोटं कशाला लिहू? म्हातारा सुखात आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मूठ उघडली. दुपारी भाचीचा फोन. रडत होती.

‘मामा, तुला माहीत आहे का, त्या तिकिटाच्या बदल्यात बाबांनी काय दिलं? आईची पाकिटं दिली!’

लग्नाआधी ताई दुसऱ्या गावी नोकरीला होती. भावोजींना दर आठवड्याला पत्र लिहायची. ती पाकिटं, एकूण बावीस. त्यांच्यावरची तिकिटं आज दुर्मीळ झालीत, म्हणून दुकानदाराने नेमकी तीच मागितली. पत्रं काढून घेतली, पाकिटं दिली. प्रत्येकावर ताईच्या हातचं भावोजींचं नाव.

‘बाबा म्हणतात, तिची शोधाशोध तिच्याच पाकिटांनी पुरी झाली. मी काय बोलणार त्यांना?’

तू काय बोलणार गं पोरी! बोलायचं होतं ते मी. आठ तारखेला बोललो असतो तरी पाकिटं घरात असती. भावोजींनी ती दिली शनिवारी. सहा दिवस! नुसते सहा दिवस!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून तिकिटांच्या दुकानात गेलो. बैल गेला अन् झोपा केला.

दुकानदार लबाड वाटला नाही. त्यानेही टिटवी दुसऱ्याकडून घेतलेली. पाकिटं? त्याच दिवशी पाण्यात टाकून तिकिटं सोडवली, गिऱ्हाइकाला पोचती केली. भिजलेला कागद ठेवून करतो काय? टाकला. एरवी कुणी अख्खं पाकीट ठेवतं, पण याच्या गिऱ्हाइकाला सुटी तिकिटं हवी होती.

मी म्हणालो, ‘ती टिटवी खोटी आहे. तसलं तिकीट निघालंच नव्हतं.’

त्याने मागच्या फळीवरचा अल्बम काढला, सत्तेचाळीसावं पान उघडून माझ्यासमोर धरलं. ‘हे काय मग? मी त्यांना हेच पान दाखवलं. इतका कागद, इतकी छपाई — हे लोक उगाच चौकट छापतील का, तुम्हीच सांगा.’

अल्बम मिटून त्याच्या हातात दिला आणि पायरी उतरलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. सगळं. लंगडं पान, चौथी चौकट, गंमत, खोटं पत्रक, दुकानातला भिजलेला कागद. मान खाली घालून एका दमात बोललो. भाची दारात उभी होती, ती आत निघून गेली.

भावोजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चिमट्याने टिटवी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि चौकटीत ठेवून दिली. अल्बम मिटला. मग म्हणाले, ‘जा आता.’

पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यात फोन आला. भावोजी. एकच प्रश्न. ‘तिला ठाऊक होतं?’

इतके दिवस मी इथेही लिहिलं नाही. ताईने प्रूफावर चौथी चौकट लाल पेन्सिलने खोडली होती. मी घाईत ते पान पाहिलंच नाही. छापून झाल्यावर ती प्रूफ घेऊन माझ्याकडे आली. ‘मालकांना सांग,’ म्हणाली. मी तिचे पाय धरले, नोकरी जाईल म्हणून रडलो. ती गप्प बसली. पंधरा वर्षं गप्प राहून नवऱ्याच्या शेजारी बसून ती पत्रं लिहीत राहिली. माझ्यासाठी!

‘नाही,’ म्हणालो. ‘तिच्या नजरेतून सुटलं.’

‘तिच्या नजरेतून कधी काही सुटायचं नाही रे,’ म्हणाले, आणि फोन ठेवला.